आठवी ते दहावीचं भौतिकशास्त्र शिकवायचंय? आधी मुलांना चुकीचा अंदाज करू द्या

ठाण्यात शिकवणी सुरू करणं अवघड नाही. नौपाडा, पाचपाखाडी, मानपाडा किंवा खाडीपलीकडे ऐरोली, कोपरखैरणे, कुठल्याही सोसायटीच्या नोटीस बोर्डावर 'सायन्स-मॅथ्स, आठवी ते दहावी' असा कागद लावला की दोन-चार मुलं येतातच. अवघड आहे ते पुढचं. बहुतेक मुलं 'फिजिक्स कळत नाही' म्हणून येत नाहीत, 'न्यूमेरिकल्स जमत नाहीत' म्हणून येतात. पालकांची मागणीही तेवढीच असते. ती मागणी जशीच्या तशी पुरवली, म्हणजे सूत्र लिहा, किंमती घाला, उत्तर काढा, तर घटक चाचणीत गुण वाढतात. मग अकरावीच्या पहिल्याच महिन्यात तेच मूल गडबडतं.

पहिल्यांदा शिकवणी घेणारे बीएस्सी-इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, नोकरीतून निवृत्त झालेली मंडळी आणि घरी स्वतःच्या मुलांना शिकवणारे आईबाबा यांच्यासाठी हा लेख आहे. माझं म्हणणं एकच आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात भौतिकशास्त्र आधीच भरलेलं असतं. ते त्याने चेंडू, सायकल, लोकल आणि स्विच यांच्याशी खेळून स्वतः बनवलेलं असतं आणि त्यातलं बरंच चुकीचं असतं. ते बाहेर न काढता वर पुस्तकातलं भौतिकशास्त्र ओतलं तर दोन्ही शेजारी शेजारी राहतात: परीक्षेत एक, विचार करताना दुसरं. म्हणून शिकवणारा आधी ऐकणारा असावा.

बॅच बांधताना

चार ते सहा मुलं घ्या. दोनच असली तर वाद रंगत नाही, आठ झाली की कोपऱ्यातलं मूल तोंड न उघडता सुटतं. दहावीला स्टेट बोर्ड आणि सीबीएसई एकत्र बसवू नका. स्टेट बोर्डात विज्ञानाचे दोन पेपर असतात, प्रत्येकी ४० गुणांचे, आणि आपला विषय भाग १ मध्ये रसायनशास्त्राबरोबर येतो. सीबीएसईला विज्ञानाचा एकच ८० गुणांचा पेपर आणि आयसीएसईला फिजिक्सचा पेपर वेगळा. धडेही जुळत नाहीत. स्टेट बोर्डाच्या दहावीत गुरुत्वाकर्षण आणि उष्णता आहे, सीबीएसईच्या दहावीत नाही.

सेमी इंग्रजीची मुलं सगळ्यात जास्त येतील. त्यांचा वाद मराठीत होऊ द्या, वहीतलं उत्तर पुस्तकाच्या भाषेत. यावर जास्त डोकं खाऊ नका, दोन महिन्यांत त्यांना सवय होते.

शाळेत नोकरी करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही.

पहिला तास: आकडे नसलेले प्रश्न

पहिल्या दिवशी पुस्तक उघडू नका. पुढचे प्रश्न एकेक करून वाचा. प्रत्येकाने उत्तर आणि एका ओळीत कारण वहीत लिहायचं. पुसायचं नाही, शेजारी डोकवायचं नाही.

१. चेंडू सरळ वर फेकला. अगदी वरच्या टोकाला त्याचा वेग किती आणि त्वरण किती?
२. फास्ट लोकल सरळ रुळावर एकाच वेगाने धावते आहे. डब्यात उभं राहून नाणं सरळ वर उडवलं. ते हातात पडेल, पुढे की मागे?
३. स्टीलचं ताट आणि लाकडी पोळपाट रात्रभर ओट्यावर शेजारी ठेवले. सकाळी कशाचं तापमान कमी असेल?
४. एका सेलला दोन सारखे बल्ब एकसर जोडणीत लावले. कुठला जास्त उजळेल?
५. भिंगाने खिडकीची प्रतिमा भिंतीवर पाडली आणि भिंगाचा वरचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला. प्रतिमेचं काय होईल?
६. अवकाश स्थानकात अंतराळवीर तरंगतात, ते का?

उत्तरं बहुधा अशी येतील: दोन्ही शून्य, मागे पडेल, ताटाचं कमी, पहिला बल्ब, कारण करंट आधी त्याला मिळतो, अर्धी प्रतिमा दिसेल, तिथे गुरुत्वाकर्षण नसतं. नव्वदच्या पुढे गुण मिळवणारी मुलंही यातली तीन-चार चुकवतात. पालक शेजारच्या खोलीत असतील तर तेही.

बरोबर उत्तरं त्या दिवशी सांगू नका. मुलं कुरकुरतात, खाली उतरताना जिन्यात भांडतात. भांडू द्या. वह्यांच्या त्या पानाचा फोटो काढून ठेवा. कुणाचं काय अडलंय याचा हाच तुमचा नकाशा, आणि तो तो धडा शिकवताना हेच पान पुन्हा उघडायचं आहे.

दुसरा तास: गणिताची डागडुजी

अर्ध्या मुलांचं घोडं भौतिकशास्त्रात नाही, गणितात पेंड खातं. तीन गोष्टी तपासा: एकक बदलणं, समीकरणात हवी ती राशी एका बाजूला आणणं, आणि दहाचे घातांक. यात अडचण असेल तर सरळ दोन तास त्यावर घाला. पोर्शन मागे राहील म्हणून घाबरू नका.

एक युक्ती मात्र मी शिकवणीत येऊच देत नाही: त्रिकोणात तीन अक्षरं लिहून, एक झाकून सूत्र 'काढण्याची'. V, I आणि R साठी ती चालते. v² = u² + 2as त्रिकोणात कुठे बसवणार? दोन्ही बाजूंना एकच क्रिया करायची, हे एकदा हाताला लागलं की सगळी सूत्रं त्यातच येतात.

ताशी किलोमीटरचं सेकंदाला मीटर करायला ५/१८ चा गुणक सगळे पाठ म्हणतात, तो आला कुठून हे कुणी सांगत नाही. त्यासाठी लोकलचा प्रवास वापरा. रुळालगतच्या विजेच्या खांबांवर अपूर्णांकासारखा आकडा असतो: वर किलोमीटर, खाली खांबाचा क्रमांक. वरचा आकडा बदलला की एक किलोमीटर सरलं. मुलांना खिडकीजवळ बसून, दारात लटकून नव्हे, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दोन बदलांमधला वेळ मोजायला सांगा. ४८ सेकंद आले तर १००० भागिले ४८, म्हणजे सेकंदाला साधारण २०.८ मीटर, म्हणजेच ताशी ७५ किलोमीटर. दोन्ही उत्तरं एकाच प्रवासाची आहेत हे एकदा दिसलं की ५/१८ पाठ करायची गरज उरत नाही.

एका तासाची बांधणी

दीड तासाचा वर्ग मी असा धरतो. सुरुवातीला मागच्या गृहपाठातलं एकच चुकलेलं उत्तर फळ्यावर, नाव न घेता. मग नवा प्रसंग आणि प्रत्येकाचा लेखी अंदाज. लेखीच हवा, कारण तोंडी विचारलं की हुशार मूल बोलतं आणि बाकीचे मान हलवतात. मग हात वर करून मतं मोजायची आणि दोन गटांना एकमेकांना पटवून द्यायला सांगायचं. त्यानंतर प्रयोग. त्यानंतर कारण. सूत्र सगळ्यात शेवटी, आणि त्यावर फक्त दोन-तीन गणितं, बाकीची घरी.

'सर, फॉर्म्युला द्या ना' हे वाक्य पहिल्या महिन्यात रोज ऐकू येईल. द्यायचा, पण अंदाजाआधी नाही. प्रयोग आधी करून दाखवला तर मुलं 'हो, मला माहीत होतं' म्हणतात आणि खरंच तसं मानतात. कागदावर चुकीचा अंदाज लिहिलेला असेल तर पळवाट राहत नाही.

गती आणि बल: लिफ्टचा प्रयोग

घोडबंदर रोडवरच्या टॉवरांनी आपली मोठी सोय करून ठेवली आहे. पुस्तकातला कुठलाही प्रयोग बलाबद्दल एवढं शिकवत नाही, जेवढं पंचवीस मजली इमारतीतली लिफ्ट शिकवते.

लागणारं सामान: काट्याचा वजनकाटा. डिजिटल नको, कारण त्यातले बरेच एकदा आकडा दाखवून तोच धरून ठेवतात. दुपारी लिफ्ट मोकळी असते तेव्हा जा, वॉचमनला आधी सांगून ठेवा.

निघण्यापूर्वी प्रत्येकाने एक आलेख काढायचा: लिफ्ट तळमजल्यावरून निघून विसाव्या मजल्यावर थांबेपर्यंत काट्यावरचा आकडा कसा बदलेल? बहुतेक जण काढतील ती रेघ निघाल्यापासून थांबेपर्यंत वरच राहते: 'वर जातेय म्हणजे वजन जास्त'. प्रत्यक्षात काटा सुरुवातीला सेकंद-दोन सेकंद वर सरकतो, मग मूळ आकड्यावर येऊन तिथेच राहतो आणि वरच्या मजल्यावर थांबताना खाली उतरतो. मधला मोठा टप्पा, जिथे लिफ्ट सगळ्यात वेगात असते, तिथे काटा ढिम्म.

हा क्षण घालवू नका. लिफ्टमध्ये काही समजावू नका, दोनदा वर-खाली करा आणि घरी येऊन आकृती काढा. मुलावर दोनच बाण: पृथ्वी खाली ओढते तो आणि काट्याची फळी वर ढकलते तो. काटा दुसरा बाण दाखवतो. वेग बदलत नसेल तर दोन्ही बाण समान, मग लिफ्ट कितीही वेगात जावो. वर जाताना वेग वाढत असेल तरच वरचा बाण मोठा. आता आकडे घाला: मूल ५० किलोचं, लिफ्टचं त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग. वरचा बाण ५० गुणिले (९.८ + १), म्हणजे ५४० न्यूटन. काटा किलोत दाखवतो, म्हणून ५४० भागिले ९.८, साधारण ५५ किलो. न्यूटनचा दुसरा नियम इथे पाठ करावा लागत नाही.

मग विचारा: दोर तुटला आणि लिफ्ट मुक्तपणे पडू लागली तर? काटा शून्यावर, पण पृथ्वी तर ओढतेच आहे. इथून पहिल्या दिवसाच्या सहाव्या प्रश्नावर या. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवर आहे. त्या उंचीवर g ची, म्हणजे गुरुत्व त्वरणाची, किंमत मुलांनाच काढू द्या, सुमारे ८.७ येते, जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के. गुरुत्व आहे, पण स्थानक आणि माणसं एकत्रच पडत आहेत, पडता पडता पृथ्वीभोवती वळत आहेत. हे उत्तर लिफ्टमधून आलेलं मूल स्वतः देतं.

ज्यांच्याकडे लिफ्ट नाही त्यांनी मोबाइलवर फायफॉक्स हे ॲप घ्यावं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं आहे, फुकट आहे. फोनमधल्या त्वरणमापकाचा आलेख ते पडद्यावर काढतं. रिक्षा सिग्नलला थांबताना आणि सुटताना मांडीवर फोन ठेवून आलेख घ्या, तोही पुरतो.

क्रिया-प्रतिक्रियेत एकच गोंधळ असतो: दोन्ही समान आणि विरुद्ध, तर एकमेकांना रद्द का करत नाहीत? कारण ती दोन वेगळ्या वस्तूंवर असतात. प्रत्येक बलाला 'कुणी कुणावर लावलं' असं पूर्ण वाक्य लिहायला लावा, बस.

गुरुत्वाकर्षण आणि खाडी

भरती-ओहोटी पुस्तकात दोन ओळींत उरकलेली असते आणि आपण राहतो खाडीच्या काठावर. कोळ्यांचा जुना हिशोब मुलांना द्या: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. खाडीत आत ठाण्याकडे पाणी थोडं उशिरा चढतं. मग प्रश्न टाका: पाऊणच का? चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, हे त्यांना पंचांगातून किंवा कॅलेंडरवरून शोधू द्या. उधाण अमावास्या-पौर्णिमेलाच का आणि अष्टमीला भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढणारी भरती का, ही पुढची पायरी. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांची आकृती काढून मुलं तिथवर पोचतात. वाशीच्या सागर विहारला किंवा वाशीचा पूल लोकलने ओलांडताना पाण्याची पातळी पाहून अंदाज पडताळता येतो.

वीज: सेल, वायर, बल्ब

आधी स्पष्ट नियम: भिंतीतल्या सॉकेटला शिकवणीत हात लावायचा नाही. सगळं १.५ व्होल्टच्या सेलवर.

सामान स्टेशनजवळच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतं: सेल, टॉर्चचे जुन्या पद्धतीचे तारेचे बल्ब, वायर, १०० ओहमचे दोन-चार रोध आणि दोन-तीनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर. बल्ब तारेचेच हवेत. एलईडीला दिशा असते आणि सुरुवातीलाच नवा गोंधळ नको.

पहिलं आव्हान: एक सेल, एक बल्ब, वायरचा एकच तुकडा. बल्ब पेटवा. दहावीची मुलंही अडतात, कारण बल्बला दोन टोकं असतात, एक तळाला आणि एक बाजूच्या धातूला, हे कधी बघितलेलंच नसतं. मंडल बंद होणं म्हणजे काय, ते इथे कळतं.

मग दोन बल्ब एकसर. दोन्ही सारखेच मंद उजळतात. 'पहिला करंट खातो' ही समजूत एका प्रयोगाने जात नाही, म्हणून मल्टिमीटर मंडलात तीन जागी लावून धारा मोजू द्या: पहिल्या बल्बच्या आधी, दोघांच्या मध्ये, दुसऱ्याच्या नंतर. तिन्ही आकडे सारखे. खर्च होते ती ऊर्जा, धारा नाही. मल्टिमीटर धारेवर ठेवून थेट सेलच्या दोन टोकांना लावला की आतला फ्यूज उडतो. हे आधी सांगा आणि एक जादा फ्यूज आणून ठेवा, कुणीतरी लावणारच.

ओहमच्या नियमासाठी बल्ब वापरू नका, रोध वापरा. १०० ओहमला एक, दोन, तीन सेल लावले की धारा साधारण १५, ३०, ४५ मिलिअँपिअर येते. आलेख सरळ रेषेत. तोच प्रयोग मग बल्बवर करा. रेषा वाकते, कारण तार तापली की तिचा रोध वाढतो. नियमाला 'भौतिक अवस्था कायम असताना' ही अट का घातली आहे, हे मुलांना त्या वाकलेल्या रेषेवरून समजतं.

घरी नेण्याचा प्रश्न: गणपतीच्या मखराला लावलेल्या माळेतला एक बल्ब गेला की कधी सगळी माळ विझते, कधी एकच तुकडा विझतो, असं का?

स्टेट बोर्डाच्या दहावीच्या चौथ्या धड्यातली मोटर पाठ करून घेण्यापेक्षा बनवा. रिवाइंडिंगच्या दुकानात इनॅमलची तांब्याची तार वजनावर मिळते. आठ-दहा वेटोळी, दोन सेफ्टी पिना, खाली चुंबक, एक सेल. खुबी एकच: एका टोकाचं इनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्या टोकाचं फक्त अर्ध्या बाजूचं. पूर्ण खरवडलं तर वेटोळं थरथरून थांबतं, कारण अर्ध्या फेरीनंतर बल उलटं फिरवू लागतं. अर्धं खरवडलं की नेमक्या त्या अर्ध्या फेरीत धारा तुटते. दोन्ही प्रकार करून बघितलेल्या मुलाला दुभंगलेल्या कड्यांचं काम काय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

भिंगं

स्टेशनरीच्या दुकानातलं हातभिंग पुरतं. भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही, हे पहिल्यांदा सांगून टाका. गच्चीवर जाऊन लांबच्या येऊरच्या किंवा पारसिकच्या डोंगराची प्रतिमा कागदावर पाडा. भिंग ते कागद हे अंतर म्हणजे जवळपास नाभीय अंतर. मग खोली अंधारी करून मोबाइलच्या पडद्यावर मोठा 'ज' लावा. उलटसुलट झालेलं लगेच ओळखू येतं.

नाभीय अंतर १० सेंटिमीटर असेल तर फोन १५ वर ठेवला की प्रतिमा ३० सेंटिमीटरवर, दुप्पट आणि उलटी. आधी किरणाकृती काढून जागा सांगायची, मग मोजायचं, सूत्र त्यानंतर. चिन्हांच्या संकेतात मुलं एकच चूक पुन्हा पुन्हा करतात: जी राशी काढायची आहे तिलाही आधीच ऋण चिन्ह देऊन बसतात. नियम करा की चिन्ह फक्त दिलेल्या किंमतींना.

आता पाचवा प्रश्न. भिंग अर्धं झाकलं तरी 'ज' पूर्णच दिसतो, फक्त मंद. मुलं चक्रावतात, कारण आकृतीतले दोन किरण म्हणजेच सगळा प्रकाश, अशी त्यांची समजूत असते. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून संपूर्ण भिंगावर किरण पडतात. त्यातले दोन आपण काढतो, कारण ते काढायला सोपे. हे कुठल्याही गाइडमध्ये ठळक छापलेलं मला दिसलेलं नाही.

उष्णता

ताट आणि पोळपाट दोन्हींवर प्रयोगशाळेचा तापमापक टेकवा, आकडा सारखाच. तापाचा तापमापक प्रयोगात वापरू नका, तो गरम पाण्यात फुटतो. मग विचारा: दोन्हींवर बर्फाचा एकेक खडा ठेवला तर आधी कुठला वितळेल? 'लाकूड गरम असतं, म्हणून लाकडावरचा', असं जवळपास सगळे म्हणतात. स्टीलवरचा आधी वितळतो. हाताला गार लागणं म्हणजे हातातली उष्णता पटकन वाहून जाणं, हे मग आपोआप निघतं.

दवबिंदूसाठी ठाण्याच्या पावसाळ्याइतकी चांगली प्रयोगशाळा नाही. फ्रीजमधली बंद बाटली पुसून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि दहा मिनिटांनी पुन्हा वजन घ्या. वाढतं. पाणी आतून झिरपलेलं नाही, याला दुसरा पुरावा नको.

विशिष्ट उष्माधारकतेचं गणित गीझरवर करा. १५ लिटर पाणी २५ वरून ४५ अंशांवर न्यायला ३०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे १२५४ किलोज्यूल. दोन किलोवॅटच्या गीझरला त्यासाठी साडेदहा मिनिटांच्या आसपास लागतात आणि एका युनिटचा साधारण तिसरा हिस्सा. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. घरचं महावितरणचं बिल आणायला सांगा, कळवा-मुंब्र्याकडे टोरंटचं, आणि कोणतं उपकरण किती खातं याचा तक्ता करू द्या. जुना ७५ वॉटचा पंखा दहा तास चालला की पाऊण युनिट, हे बघून एखाद्या घरातला पंखाही बदलतो.

धड्यांचा क्रम आकाश बघून ठरवा

पुस्तकातला क्रम शाळेसाठी आहे. दहावी सुरू करताना आधी नववीतले गतीचे नियम, धाराविद्युत आणि प्रकाशाचं परावर्तन पक्कं करून घ्या, नाहीतर गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम आणि अपवर्तन हवेत राहतात. हे काम एप्रिल-मेच्या सुट्टीत होतं. भिंगंही तेव्हाच उरका. जुलैत ठाण्यात ऊन मागून मिळत नाही. मेच्या मध्याला, १५-१६ तारखेच्या सुमारास, दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या बाटलीची सावली नाहीशी होते. जुलैअखेरीसही एकदा येतो, पण तेव्हा ढग असतात. आर्द्रता जूनमध्ये, वीज गणपतीच्या आगेमागे. शाळेची घटक चाचणी मध्ये आली तर आठवडाभर तिच्या क्रमाने जायचं आणि परत आपल्या वाटेवर यायचं.

नववीच्या मुलांना वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एकदा न्या. वाशीच्या पुढच्याच स्टेशनाला, मानखुर्दला, १९७४ मध्ये सुरू झालेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. विज्ञान ऑलिंपियाडचं काम तिथून चालतं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे काय आहे, याची आधी चौकशी करून ठेवावी.

न्यूमेरिकल्स

दिलेलं, काढायचं, सूत्र, आकडेमोड, एकक ही पाच पायऱ्यांची पद्धत सगळे शिकवतात. मी तिच्या आधी एक आणि नंतर एक जोडतो. आधी आकृती आणि अंदाज: उत्तर साधारण किती यावं? नंतर पटतंय का ते बघायचं. गच्चीवरून पडलेला चेंडू ताशी ९०० किलोमीटरने जमिनीवर पोचत असेल तर कुठेतरी सेंटिमीटरचं मीटर करायचं राहिलंय. 'पटतंय का' या रकान्यात काहीच नसेल तर मी गणित तपासत नाही, वही परत देतो.

गणितं कमी द्या, पण उलटी द्या. उत्तर देऊन प्रश्न बनवायला सांगा. सूत्र न लागणारं एक आणि जादा माहिती असलेलं एक, अशी दोन तरी दर आठवड्याला.

बोर्डाचा पेपर आणि पालक

स्टेट बोर्डाचा भाग १ दोन तासांचा. त्यात 'शास्त्रीय कारणे लिहा' यावर चार गुण, प्रत्येकी तीन गुणांचे पाच प्रश्न आणि शेवटी पाच गुणांचा एक. शास्त्रीय कारणात मुलं घटना पुन्हा सांगतात, कारण सांगत नाहीत. उत्तरात 'कारण' हा शब्द कुठे आहे त्यावर खूण करायला लावा. परीक्षा आता फेब्रुवारीतच सुरू होते, म्हणून नवं काही डिसेंबरनंतर नको.

पालक दर महिन्याला 'किती मार्क पडतील?' विचारतील. आकडा सांगू नका. त्याऐवजी प्रत्येक चाचणीतल्या चुकांचे तीन रकाने दाखवा: कल्पना चुकली, गणित चुकलं, घाईत वाचलं. प्रीलिमनंतर हाच तक्ता पुढचं ठरवतो. पहिल्या रकान्यात काही उरलं असेल तर त्या एका धड्याचे दोन तास घ्या. दुसऱ्यात असेल तर रोज दोन गणितं. सगळं तिसऱ्यात असेल तर त्या मुलाला तुमची गरज संपली आहे. घरी घड्याळ लावून पेपर सोडवायला सांगा, तपासून द्या आणि फेब्रुवारीची फी घेऊ नका.